बॅटरी काढलेल्या गाडीचं छत

माझा धंदा करंटचा आहे. नेवासा फाट्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. शिक्षण डिप्लोमा इलेक्ट्रिकल. करंट असेल तर मोटार फिरते, नसेल तर फिरत नाही, एवढ्यावर माझं घर चालतं. त्यामुळे दुकानात बसून कोणी चकवा, हडळ, अमावास्या असलं काही सांगायला लागलं की मी म्हणायचो, "आधी फेज चेक कर, मग बोल." या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवसुद्धा मी जेवताना करमणूक म्हणून वाचत आलोय... आज स्वतः लिहायला बसलोय. घाबरवायला नाही. त्या प्रकाराची मला आता भीती वाटत नाही. वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आमचं गाव नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठाला. थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो. दादाची बोअरवेलची मशीन होती. बोअर घेताना बघितलंय ना? खाली खडक लागला की पिठासारखी पांढरी धूळ वर येते. पाणी लागलं तर ती बसते, नाही लागलं तर दिवसभर धूळच. दादा तोंडाला नुसता रुमाल बांधून त्या धुळीत उभा राहायचा. वर्षानुवर्षं. पन्नाशी ओलांडली आणि जिना चढताना धाप लागायला लागली. नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला — फुप्फुसात दगडाची पूड बसलेली.

दादाने मशीन विकली. आणि सगळ्या गावाला वाटलं होतं की तो आता रानात लक्ष घालेल, तर तो पुण्याला जाऊन एक जुनी जर्मन गाडी घेऊन आला. दोन दारांची, गडद हिरवी, वरचं छत कापडी. बटण दाबलं की छत दुमडून मागे डिकीत जाऊन बसायचं. गावात त्या छताला सगळे टपच म्हणायचे. पहिल्या दिवशी अंगणात गर्दी. वहिनी दारातून म्हणाल्या, "ह्या वयात ह्यांना येड लागलं." दादा हसला. म्हणाला, "इतकी वर्सं धूळ खाल्ली, आता जरा वारा खातो."

घेताना त्याने काहीही बघितलं नव्हतं. बटण दाबलं, टप मागे गेला, गडी खूष. पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट भिजलं. पुढच्या काचेच्या खालच्या बाजूला पाणी जायला भोकं असतात, ती कडुनिंबाच्या पाल्याने बुजलेली. पाणी आत उतरून सीटखालच्या कंट्रोल बॉक्सपर्यंत गेलेलं. मग डिकीतल्या हायड्रॉलिक पंपातून तेल गळायला लागलं. आरशाच्या वर, जिथे टप पुढच्या चौकटीत अडकतो, तिथलंही सील गेलेलं — एक दिवस वहिनींच्या साडीवर तेलाचा थेंब पडला तेव्हा कळलं. अशा गाडीला हात लावणारा मिस्त्री आमच्याकडे कोण मिळणार? मीच सगळं उकललं. मोबाईलवर बघून, पुण्याहून पार्ट मागवून, रविवार घालवून. ती गाडी मी वायर न् वायर ओळखतो. पुढचं सांगताना हे लक्षात असू द्या.

त्यानंतर मात्र गाडी चालली. सकाळी उन्हं कोवळी असताना दादा टप उघडून श्रीरामपूर रोडने जायचा, शेजारी वहिनी डोक्याला स्कार्फ बांधून. येताना भाजी. उसाच्या ट्रॉल्यांवरची माणसं हात करायची. दादाला त्या वाऱ्यात खरंच बरं वाटायचं. की आम्हाला तसं वाटायचं, कोण जाणे.

मग आजार वाढला. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पुढच्या खोलीत पलंग, नाकाला नळी. डॉक्टरांनी बजावलं होतं — धूळ नको, धूर नको, बाहेरचं वारं नको. त्या दिवसांत साखर कारखाना चालू होता, वाऱ्याबरोबर काळी राख उडून अंगणात पडायची. एका दुपारी दादाने मला हाताने जवळ बोलावलं. बोलायला दम पुरत नव्हता, तुटक तुटक म्हणाला, "गाडी काढ... टप उघड... नदीपोत्तर जाऊन येऊ."

मी म्हटलं, "दादा, आज लई वारं सुटलंय. राख उडतीय. उद्या सकाळी जाऊ."

"उघड की रं जरा..."

मी काय केलं, तर खिडकीतून राख येत होती म्हणून खिडकीही लावून घेतली. त्याच संध्याकाळी दादा गेला.

डॉक्टरांनी सांगितलं तेच मी केलं होतं. कोणीही तेच केलं असतं. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय, त्याला मोजमाप नाही.

तेरावा झाला. पाहुणे गेले. एक दिवस सकाळी अंगणातल्या शेडचं शटर उघडलं तर गाडीचा टप उघडा. दुमडून, नीट मागे बसलेला. वाटलं पाहुण्यांपैकी कोणी बघायला म्हणून उघडला असेल. बंद केला. परत दोन-तीन दिवसांनी तेच. आता माझं डोकं धंद्याच्या वाटेने चालायला लागलं: स्विच शॉर्ट असेल. स्विच काढून ठेवला. परत उघडा. चावीच्या रिमोटने टप हलत नाही, तरी त्यातलाही सेल काढला. परत उघडा. मग म्हटलं, मूळच तोडू. गाडीची बॅटरीच उचलली आणि दुकानात नेऊन बाकड्यावर ठेवली.

आता ती मोटार फिरायला करंट कुठून येणार? राहिला एकच मार्ग, हाताने उघडणं. पण त्या गाडीचा टप हाताने ओढून हलत नाही. डिकीतल्या पंपाचा एक स्क्रू सैल करावा लागतो, तेव्हा तेलाचा दाब सुटतो, आणि मग दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून उचलावा लागतो. मी शेजारच्या गोरखनानांना मदतीला बोलावलं. दोघांनी मिळून टप लावला, पुढे अडकवला, मी स्क्रू आवळला आणि त्याच्यावर लाल पेंटचा ठिपका दिला. फिरवला तर पेंट तडकणार. शटर खाली ओढलं. तिथेच शटरला पाठ लावून आम्ही दोघे चहा प्यायला बसलो. दुपारची वेळ, लख्ख ऊन. शेडला दुसरं दार नाही, खिडकी नाही.

पंप चालला की चांगला घोंगावतो. आम्ही काही ऐकलं नाही. नाना त्यांच्या कपाशीबद्दल बोलत होते. चहा संपला, आत पाना राहिला होता म्हणून मी शटर वर केलं.

टप उघडा होता.

डिकी उघडून बघितली. लाल ठिपका जसाच्या तसा. बॅटरीची जागा रिकामी. नानांनी कप खाली ठेवला आणि ते घराकडे चालायला लागले. त्यानंतर त्या शेडकडे ते फिरकले नाहीत.

मग मी दुकानातल्या पोराला हाताशी घेऊन टप लावायचो, तो परत उघडायचा. बस, एवढंच व्हायचं. कसला आवाज नाही, वास नाही, सावली नाही. कोणाला काही इजा नाही. दुसरा कोणी असता तर त्याने फार तर एक चादर टाकून ठेवली असती आणि सोडून दिलं असतं. पण मला ते उघडं छत बघवत नव्हतं. मला वाटायचं, दादा मला दाखवतोय. बघ, हे एवढंच मागितलं होतं. मी — लोकांना फेज चेक करायला सांगणारा माणूस — गुपचूप एका जाणत्याला विचारून आलो, गाडीवरून नारळ उतरवून नदीत सोडला. दुसऱ्या सकाळी टप उघडा.

वहिनी काही बोलायच्या नाहीत. रोज सकाळी शेडमध्ये जायच्या, पदराने सीटवरची धूळ झटकायच्या आणि येऊन चुलीला लागायच्या. त्यांना भीती कशी वाटत नाही याचं मला नवल वाटायचं. पण विचारलं कधी नाही.

शेवटी मीच विषय काढला. "वहिनी, गाडी पडून पडून खराब होतीय. विकून टाकू का?"

त्या पीठ मळत होत्या. मळता मळताच म्हणाल्या, "तुमाला बरं वाटत असंल तर विका, भाऊजी."

मी फक्त 'विका' ऐकलं.

वारस म्हणून गाडी वहिनींच्या नावावर करून घेतली. बॅटरी बसवली, स्विच जोडला, फोटो काढले, ऑनलाइन जाहिरात टाकली. बरेच फोन आले. बहुतेक जण हौशी, किंमत विचारून गप्प व्हायचे. मग संगमनेरहून शुभांगीताईंचा फोन आला. वय पस्तिशीचं असेल, प्री-वेडिंग शूटचा व्यवसाय. भंडारदऱ्याला धरणाच्या कडेने नवरा-नवरीला उघड्या गाडीतून फिरवायचं, ड्रोनने शूट करायचं. भाड्याची गाडी परवडत नाही म्हणून स्वतःची घ्यायची होती. नवरा मर्चंट नेव्हीत, सहा-सहा महिने बाहेर.

त्या आल्या तेव्हा बरोबर त्यांचे सासरे होते. अण्णा. पॅरालिसिसचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. "घरी एकटे ठेवता येत नाहीत, म्हणून जाईन तिथे बरोबर नेते," असं त्या म्हणाल्या. वहिनींनी त्यांना निंबाच्या सावलीला खुर्ची दिली, बशीत ओतून चहा पाजला. अण्णा चहा पितानासुद्धा गाडीकडे बघत होते.

बाई हुशार होत्या. आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे ना बघितलं, मी आधीच गरम करून ठेवलं नाही याची खात्री केली. मग स्टार्ट करायला लावलं, मागे जाऊन धुराचा रंग बघितला. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिला. दार आणि पत्र्यामधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, बोटाने मोजली. अशा गाडीला वरून आधार नसतो, जोराचा अपघात झालेला असेल तर ती फट लपत नाही.

आणि मी काय करत होतो? मी त्यांना मदत करत होतो. "ताई, टप एकदा उघडून समाधान मानू नका. इंजिन गरम झालं की परत दोनदा उघडा-मिटा. पंपाचा आवाज ऐका, मध्ये अडखळतो का बघा."

त्यांनी तसं केलं. पंप घोंगावला, टप गेला, आला.

"इथे आरशाच्या वर बोट फिरवा. तेल लागतं का? मी सील बदललंय, पण तुम्ही बघा."

"नाही लागत."

"डिकीतलं अस्तर वर करा. आता कार्पेट दाबा, जोरात, मुठीने. ओल असेल तर वरून कळत नाही, खालच्या फोमात असते. वास घ्या. थांबा, पाइप लावून पाणीच मारू वरून."

मी खरंच पाइप आणला, गाडीवर पाणी सोडलं आणि त्यांना आत बसवून कोपरे तपासायला लावले. कापडाला दोन ठिकाणी घडीवर चीर गेलीय तेही दाखवलं. मागच्या काचेची कड पुढेमागे सुटेल, आत्ताच चिकटवून घ्या म्हणालो. टायरवरचा तारखेचा आकडा दाखवून टायर बदलायला झालेत असं मीच सांगितलं. कुठला विकणारा असं करतो? लहान लहान खरं सांगून मी एका मोठ्या गोष्टीवर माती ओढत होतो. हे मला तेव्हाही कळत होतं.

शुभांगीताई बाहेर आल्या, हात पुसत हसल्या. "काका, मी आजवर बऱ्याच गाड्या बघितल्या. विकणारा माणूस स्वतःहून असं दाखवत नाही. तुमच्यावर विश्वास बसला बघा."

मी पाइप गुंडाळायला लागलो.

"आणखी काही सांगायचं राहिलंय का? गाडीबद्दल?"

वहिनी अण्णांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

व्यवहार झाला. त्याच दिवशी ताई टप उघडून गाडी घेऊन गेल्या, पुढच्या सीटवर अण्णा. त्यांची दुसरी गाडी बरोबर आलेल्या ड्रायव्हरने मागून नेली. शेड रिकामी झाली. मला हलकं वाटायला हवं होतं. तर मला त्यांच्या प्रत्येक फोनची भीती बसली. स्क्रीनवर नाव दिसलं की वाटायचं, आता विचारणार. पण त्या बोलायच्या ते भलतंच. गाडी मस्त चालतेय, भंडारदऱ्याचं शूट छान झालं, अण्णांना गाडी फार आवडते, सकाळ झाली की हाताने खूण करतात, फिरवून आण म्हणून. मी आडून विचारायचो, "टप वगैरे ठीक?" "एकदम ठीक, काका." त्यांच्याकडे एकदाही टप आपोआप उघडला नव्हता.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी फोन आला. आवाज ओला होता.

"काका, एक विचारायचं होतं... ह्या गाडीत कोणी आत अडकलं तर छत आपोआप उघडायची काही सिस्टीम आहे का?"

नीट ऐकू यावं म्हणून मी दुकानातलं मशीन बंद केलं.

झालं होतं असं. त्या अण्णांना घेऊन संगमनेरच्या बाजारपेठेत गेल्या होत्या. ऊन म्हणून टप लावलेला, एसी चालू. औषधाच्या दुकानात एक मिनिटाचं काम. अण्णांना डुलकी लागलेली, म्हणून त्यांनी काच थोडी खाली ठेवली, इंजिन बंद केलं आणि उतरल्या. सवयीने चावीचं लॉकचं बटण दाबलं, आणि दाबून धरलं गेलं. त्या गाडीत बटण दाबून धरलं की उघड्या काचा वर जातात. आणि बाहेरून लॉक झालं की आतल्या हँडलने दार उघडत नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दुकानात औषध मिळेना, मग दुसरं दुकान, तिथे गर्दी, तेवढ्यात एका नवरीच्या आईचा फोन...

"मी विसरले हो, काका. पाच-दहा मिनिटं मी अण्णांना चक्क विसरले."

आठवण झाली तेव्हा त्या धावत आल्या. गाडीभोवती माणसं जमलेली. टप पूर्ण उघडा. अण्णा सीटवर, अंगातला सदरा भिजून चिकटलेला, तोंड वर करून श्वास घेत होते, आणि शेजारचा रसवंतीवाला त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवत होता. चावी ताईंच्या मुठीत होती. दारं लॉकच होती.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी संगमनेरला गेलो. आधी त्या रसवंतीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "म्या गाडीकडं बघतच हुतो. म्हाताऱ्याचा हात काचंवर दिसला म्हनून उठलो, दगड घिऊन काच फोडावी म्हनलं. तवर टप मागं गेला. आवाज न्हाई, काय न्हाई. हलक्या हातानं कुनी पांघरून काडावं तसा."

मग गाडी तपासली. लॉक करून, चावी दूर नेऊन, रिमोटचं एकेक बटण दाबून. चावी बाहेर असताना त्या टपाला करंट जातच नाही. बटण दाबून धरलं तर काचा हलतात, टप नाही. तशी कुठलीही सिस्टीम त्या गाडीत नाही. शुभांगीताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. अण्णा ओट्यावर बसलेले.

मी हात पुसले आणि सगळं सांगून टाकलं. शेड, बॅटरी, लाल ठिपका, गोरखनाना. दादाची शेवटची दुपारसुद्धा.

मला वाटलं होतं त्या घाबरतील, किंवा रडतील. खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटलं होतं की हात जोडतील. दादाने त्यांच्या सासऱ्यांचा जीव वाचवला म्हणून.

त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं. काही राहिलंय का म्हणून."

"हो."

"हे सांगितलं असतंत तर मी गाडी घेतलीच नसती."

"म्हणून तर नाही सांगितलं, ताई."

"घेतली नसती, तर अण्णा त्या दिवशी त्या गाडीत नसते. आमच्या दुसऱ्या गाडीचं दार आतून उघडतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "चूक माझी आहे, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण तुमची तुम्ही तुमच्याकडे ठेवा, काका. मला देऊ नका."

मी गाडी परत घ्यायची तयारी दाखवली. त्यांनी होकारार्थी मान हलवली. ओट्यावर अण्णांनी डावा हात उचलून गाडीकडे खूण केली, रोजची, फिरवून आण म्हणायची. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. राहू दे इथेच." आणि अण्णांना धरून उठवायला गेल्या. मी पुढे होऊन दुसरा हात धरला. तेवढं त्यांनी करू दिलं.

घरी आल्यावर मी वहिनींना हे सांगितलं. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. रसवंतीवाला काय म्हणाला ते ऐकताना त्यांचे हात थांबले. मग मी इतके महिने कोंडून ठेवलेलं तोंडातून निघालं. "वहिनी, मला वाटायचं दादा माझ्यावर रागावून ते करतोय. मी त्या दिवशी नेलं नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी येड्यासारखं बोललोय.

"त्यांना राग आला की ते दार लावून बसायचे, भाऊजी. लगीन झाल्यापास्नं बघितलंय मी. जेवायचे न्हाईत, बोलायचे न्हाईत, आतनं कडी. रागात त्या मानसानं कदी काय उघडलं न्हाई."

"मग... ते काय होतं?"

"मला काय म्हाईत? मला एवढंच म्हाईत हुतं, की ते रागावल्याले न्हाईत. म्हनून रोज सकाळी जायचे मी तिथं. धूळ झटकायची, जरा टेकायचं. बरं वाटायचं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं?" त्यांनी परत शेंगा पुढे ओढल्या. "तुमी सरळ गिऱ्हाईकच घिऊन आलात."

मंडळी, इथे बरेच जाणकार आहेत. कोणी म्हणेल पंपात अडकलेला दाब सुटला असेल, कोणी म्हणेल उन्हाने तेल फुगलं. मी ते सगळं तपासून बसलोय. दाब सुटून टप पुढच्या चौकटीचा हूक सोडवत नाही, मागचं झाकण उचलत नाही, घडी घालून परत झाकण लावत नाही. त्याला करंट लागतो. करंट नव्हता. संगमनेरच्या घरी गाडी आहे, चालते, त्यानंतर आजपर्यंत तिचा टप आपोआप उघडलेला नाही. मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

दुसऱ्या एका गोष्टीचं उत्तर मात्र मला माहीत आहे. रोज सकाळी त्या उघड्या गाडीत जाऊन बसणारं माणूस माझ्याच घरात होतं. मी नारळ सांगणाऱ्या जाणत्याला विचारलं, गोरखनानांना विचारलं, मोबाईलला विचारलं... वहिनींना एकदाही विचारलं नाही. कारण त्या दुपारी मी खिडकी लावली, तेव्हा त्या दादाच्या उशाशी बसल्या होत्या. त्या काय म्हणतील, याची मला भीती वाटत होती.